भूक मेली की मुकाट झाली? एकवेळ जेवणाऱ्या एका गृहस्थांना उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ४४, उंची पाच फूट सात इंच, बसून करायची नोकरी. पाच आठवड्यांपासून तुम्ही दिवसातून एकदाच, रात्री नऊला जेवताय. मधल्या वेळात पाणी आणि बिनसाखरेचा काळा चहा. वजन ८८ वरून ८४ वर आलं. पहिले दहा दिवस भुकेनं जीव नकोसा झाला, आता भूक लागतच नाही. त्यावरून तुमचा निष्कर्ष असा, की शरीराला एकच जेवण पुरेसं होतं, आपण इतकी वर्षं उगाच खात आलो आणि आता कुठे भुकेचं ऐकायला शिकलो. दुपारी चारच्या सुमाराला हात थरथरतात, कपाळावर घाम येतो. ते 'शरीर आतून साफ होत असल्याचं लक्षण' आहे, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. साखरेसाठीची, म्हणजे मधुमेहाची, गोळी चालू आहे. आणि सोमवारपासून बायकोही तुमच्याबरोबर सुरू करणार आहे.

आहारतज्ज्ञ म्हणून काम करायला लागून मला २३ वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ रुग्णालयात गेली. उत्तर लांबणार आहे. पण एक गोष्ट उत्तर पूर्ण वाचायच्या आधी करायची आहे, म्हणून ती वर घेते.

तुम्ही गोळीचा जो तपशील दिलाय त्यात दोन औषधं एकत्र आहेत, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि तुम्ही जेवलात की नाही याची चौकशी करत बसत नाही. ही गोळी नाश्त्याबरोबर घ्यायला सांगतात ते त्यासाठीच. तुमचा नाश्ता गेला, दुपारचं जेवण गेलं, गोळी मात्र आठच्या ठोक्याला चालूच राहिली. चार वाजता जे होतं ती साफसफाई नाही. साखर उतरल्याची ती ठळक लक्षणं आहेत. पुन्हा तसं झालं तर ग्लुकोमीटरवर बोट टोचून बघा. ७० च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र जवळ नसेल तर न बघताच, तीन सपाट चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा, आकडा वर आला नसेल तर परत साखर घ्या, आणि मग काहीतरी खा. चॉकलेट किंवा चिक्की नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. दुचाकीवर असाल तर गाडी आधी बाजूला घ्या. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि 'मी एकदाच जेवतोय' हे स्पष्ट सांगा. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत ही गोळी घेऊन उपाशी राहू नका. मनानं गोळी बंदही करू नका.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक जोड. मधुमेहाच्याच, पण डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना वेगळाच धोका आहे. या गोळ्यांवर लांब उपास घडला, की रक्तात आम्ल साठू शकतं, आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा त्या वेळी जवळपास ठीकच दिसतो. मळमळ, उलट्या, धाप, पोटात दुखणं सुरू झालं तर 'आकडा तर बरा आहे' म्हणून घरी थांबायचं नाही.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या आहेत: दिवसातून एकदाच जेवणं, आणि भुकेचं ऐकणं. रोज रात्री नऊलाच जेवणारा माणूस भुकेचं ऐकत नसतो, घड्याळाचं ऐकत असतो. तेवीस तास भुकेला 'गप बस' म्हणायचं आणि ती गप बसली की तिनं संमती दिली म्हणायचं, हा कुठला संवाद?

ती गप का बसली हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे 'पोटात कावळे ओरडतात' म्हणतात, ते कावळे खरे असतात. पोट रिकामं झालं की जठर आणि लहान आतडं साधारण दीड-दोन तासांच्या अंतरानं एक जोरकस लाट सोडतं आणि उरलंसुरलं पुढे ढकलतं. झाडलोटच म्हणा. त्या लाटेतला सगळ्यात जोराचा भाग काही मिनिटंच टिकतो, आणि तो आवाज तेवढ्यापुरताच असतो. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाच्या सहकाऱ्यानं, वॉशबर्ननं, नळीला लावलेला फुगा गिळून पोटाच्या या हालचाली नोंदवल्या होत्या. हालचाल आणि 'आता भूक लागली' ही जाणीव जोडीनं येताना दिसली. पण कावळे म्हणजे सगळी भूक नव्हे. शस्त्रक्रियेनं जठर काढून टाकलेल्या माणसालाही भूक लागते.

१९९९ मध्ये जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाआधी वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. आता त्यातली गंमत बघा. रोज एकला जेवणाऱ्याचं घ्रेलिन एकच्या सुमाराला चढतं. त्या दिवशी तो जेवला नाही, तरी थोड्या वेळानं ते आपोआप उतरतं. 'वेळ टळली की भूक मरते' हे आपल्या आज्यांना घ्रेलिनचं नावही माहीत नसताना माहीत होतं. वेळ बदलली की हे चढ-उतारही हळूहळू नव्या वेळेला सरावतात. पहिल्या दहा दिवसांत तुम्हाला छळत होती ती जुन्या वेळांची भूक. आता ती नऊला सरावली आहे. यातून तुमच्या शरीराची लवचीकता सिद्ध होते. शरीराला किती अन्न हवं होतं, ते यातून अजिबात कळत नाही.

भूक मुकाट होण्याचं एक उदाहरण तुमच्या-माझ्या घरात आहे. सकाळी सगळ्यांचे डबे भरून, सगळ्यांना वाढून दुपारी दोनला बसणारी बाई सांगते, 'मला भूकच नसते, वासानंच पोट भरतं.' माझ्याकडे अशा शेकड्यांनी बायका आल्या. 'भूक नसते' असं त्या शपथेवर सांगतात आणि रक्ताच्या अहवालात लोह तळाला गेलेलं असतं. ज्या भुकेला वर्षानुवर्षं कुणी उत्तर दिलं नाही ती हाक मारणं सोडून देते. म्हणून 'भूक लागत नाही' हे वाक्य मी कधीच पुरावा म्हणून धरत नाही. ते लक्षण असू शकतं, एवढंच.

'आपल्या पूर्वजांचंही एकभुक्त असायचंच की,' असं तुम्ही लिहिलंय. असायचं. माझी आजी चातुर्मासात एकभुक्त राहायची, मी ते जवळून पाहिलंय. ती जेवायची दुपारी, उजेडात, जमिनीवर मांडी घालून, आणि ते चार महिन्यांचं व्रत होतं. जैन घरांतलं एकासणंही एका बैठकीत, दिवसाउजेडी होतं. रात्री नऊला टीव्हीसमोर ताट घेऊन दिवसभराचं अन्न पंचवीस मिनिटांत उरकायचं, हे कुठल्या परंपरेतलं आहे मला माहीत नाही. आणि एकभुक्ताची दुसरी बाजूही विसरू नका. आपल्याकडे विधवांवर ते लादलेलं होतं, आयुष्यभर. त्यांच्या भुकेला कुणी विचारलं नव्हतं. परंपरेचाच दाखला हवा असेल, तर चरकसंहितेत जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत त्यांत भूक आणि तहान दोन्ही आहेत.

वेळेचा मुद्दा फक्त भावनेचा नाही. तोच भात सकाळी किंवा दुपारी खाल्ला तर साखर जेवढी चढते, त्याहून रात्री जास्त चढते, कारण दिवस कलला की शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. मधुमेह असलेल्या माणसानं दिवसभराचा सगळा भात-पोळी नेमका त्या वेळेला ठेवणं म्हणजे सगळं ओझं दमलेल्या बैलावर लादणं. एकवेळ जेवणावर अमेरिकेत झालेला एक लहान प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. साधारण वजनाची निरोगी माणसं आठ आठवडे तीनदा आणि आठ आठवडे एकदाच, संध्याकाळी, जेवली. उष्मांक दोन्ही वेळा सारखेच ठेवलेले. शेवटपर्यंत टिकले १५ जण. एकदा जेवताना चरबी थोडी घटली, हे खरं. पण रक्तदाब आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं, आणि भूकही जास्त लागल्याचं त्यांनी नोंदवलं. पंधरा माणसांवरून मी कुणाला घाबरवणार नाही. मात्र 'यात तोटा काहीच नाही' म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

आता तुमचं ताट. तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून हिशोब करता येतो: तीन पोळ्या, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, वाटीभर वरण, मूदभर भात, लोणचं. पोळ्यांमधून साधारण दहा ग्रॅम प्रथिनं, वरणातून सहा, भातातून तीन-चार, भाजीतून दोन. झाले जेमतेम बावीस. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं आजचं वजन न धरता उंचीला शोभणारं ६५ किलो धरलं तरी ५४ ग्रॅम होतात. म्हणजे रोज निम्म्याहून जास्त तूट, आणि ती पाच आठवडे. चार किलो उतरले त्यातलं सगळं पोटावरून गेलं असं समजू नका. काही पाणी होतं, आणि काही दंडा-मांड्यांमधून गेलं असणार.

आपल्या लोकांना हे स्नायूंचं नुकसान जास्त महागात पडतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक जोडफोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. आपण मुळातच कमी स्नायू आणि जास्त चरबी घेऊन उभे असतो. त्यातले स्नायू गमावून काटा खाली आणला तर आरशात बरं दिसेल, साखरेला काही फायदा नाही. म्हणून मी वजनाबरोबर कंबरेचा घेर विचारते, आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, तेही.

एकाच बैठकीत ५४ ग्रॅम बसवायचेच म्हटलं तर काय होतं? तीन भाकऱ्या, वाटी भरून मटकीची उसळ, वरण, भात आणि दही एवढ्यानं बत्तीस-तेहेतीसपर्यंत पोचता. वर दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे घातले की कुठे पन्नाशी ओलांडते. वाढून बघा एकदा. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटात हे सगळं रात्री नऊला सारल्यावर अकराला आडवं झालात की छातीत जळजळणारच. जे एकवेळ जेवण वर्षभर रेटतात ते बहुतेक या ताटाजवळ पोचतच नाहीत. काही जण थोडक्यात आटोपतात. काही जण 'दिवसभर खाल्लं नाही ना' म्हणून वडापाव, गुलाबजाम, आइस्क्रीम असं सगळं त्या तासात कोंबतात. एकादशी अन् दुप्पट खाशी.

या दुसऱ्या प्रकाराला लोक मनाचा कमकुवतपणा समजतात. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं. धडधाकट, निवडून घेतलेली मुलं होती. काही महिन्यांत त्यांना अन्नाशिवाय दुसरं सुचेना. ज्यांनी कधी चूल पाहिली नव्हती ते पाककृती गोळा करायला लागले. प्रयोग संपल्यावर ताटभर जेवूनही कित्येकांना पोट भरल्यासारखं वाटेना, आणि हे महिनोन्‌महिने चाललं. भूक जास्त दाबली की उलट्या बाजूची खूण, म्हणजे 'पुरे', तीसुद्धा बिघडते. तुम्ही लिहिलंय की रात्री जेवताना 'कुठे थांबावं कळत नाही'. तुमच्या पत्रात हे वाक्य कंसात होतं. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मग भुकेचं ऐकायचं कसं? दीक्षितांचे आणि दिवेकरांचे पक्ष एकाच घरात नांदतात हे मी रोज बघते. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा म्हणतात. ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडं खा म्हणून सांगत आल्या. आणि सासू एकीकडे नि सून दुसरीकडे. मी त्या भांडणात पडत नाही. मी माणसाला सात दिवस वही लिहायला लावते. प्रत्येक खाण्याआधी वेळ, आणि भूक किती आणे. हो, आणेच. दहापैकी गुण द्या म्हटलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे सात-आठ लिहितात. आणे म्हटलं की हसतात आणि खरं सांगतात. तरुण मुलांना सोळा आण्यांचा रुपया समजावून सांगावा लागतो, तेवढाच इतिहास.

चार आणे भूक म्हणजे नुसती आठवण: कुणी भजी तळली, टेबलावर बिस्किटं दिसली. आठ आणे म्हणजे कावळे. पाणी पिऊन, पंधरा मिनिटं थांबून बघायला हरकत नाही. दहा-बारा आण्यांना साधं अन्नसुद्धा हवंसं वाटतं. त्याची माझी परीक्षा ठरलेली आहे: आत्ता समोर शिळी भाकरी आणि लसणाची चटणी ठेवली तर खाल का? 'हो' असेल तर पोटाची भूक, 'नाही, पण शेव असेल तर चालेल' असेल तर जिभेची. भुकेला कोंडा म्हणतात तो याच अर्थानं. जेवायला बसायची वेळ ही, बारा आण्यांची. सोळा आणे होऊ द्यायची नाही, कारण सोळा आण्यांना माणूस चावत नाही, गिळतो. पोट ताणल्याची आणि अन्न आतड्यात पोचल्याची खबर मेंदूकडे जाऊन 'पुरे' वाटायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर गिळणाऱ्याचं ताट दोनदा रिकामं झालेलं असतं. आणि ताटावरून उठायचंही बारा आणे पोट भरलं कीच.

तुमच्या वहीत आणखी एक रकाना हवा: रात्री झोप किती झाली. दोन रात्री जागरण झालं की घ्रेलिन वाढतं आणि तृप्तीचं संप्रेरक लेप्टिन उतरतं. ऑफिसात जागून काम करायच्या आठवड्यात पिझ्झा का मागवला जातो याचं कारण निम्मं इथे आहे. आणि थरथर, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी घेऊन येणारी भूक या आण्यांत मोजायचीच नाही. तिच्यासाठी वर सांगितलेली साखर आणि ग्लुकोमीटर.

तुमच्यासाठी मी काय सुचवते? डॉक्टरांनी गोळीचं ठरवल्यावर दोन जेवणं घ्या. पहिलं आणि मोठं सकाळी अकरा-बाराला, दुसरं संध्याकाळी साडेसातच्या आत. ऑफिसला डबा न्यावा लागेल, तो न्या. दोन्ही ताटांत वाटीभर उसळ किंवा दोन अंडी किंवा मासळी, यातलं काहीतरी पक्कं, आणि भात-भाकरीच्या आधी कोशिंबीर. असे दोन महिने काढून साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि कंबर मोजू. आठवड्यातून दोनदा डंबेल्स किंवा घरातल्याच पाण्याच्या कॅननं दंडाचा व्यायाम करा, स्नायू नुसत्या उपासानं राहत नाहीत. वजन कदाचित आतापेक्षा हळू उतरेल. पाच आठवड्यांत चार किलोचा वेग मला तसाही पसंत नाही. वेगानं वजन उतरणं आणि पित्ताशय तासन्‌तास न रिकामं होणं, ही पित्तखडे होण्याची जुनी वाट आहे.

एकवेळ जेवून ठणठणीत असलेली माणसं मी पाहिलीत. बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, कुठलीही गोळी नसलेले, दुपारी निवांत जेवणारे, आणि एखाद्या दिवशी संध्याकाळी भूक लागली तर दूध-पोहे खाऊन मोकळे होणारे. त्या शेवटच्या सवयीमुळे मी त्यांना अडवत नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, वाढत्या वयातली मुलं, क्षयरोगाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, आणि पूर्वी कधी अन्नाशी भांडण झालेली, म्हणजे उपाशी राहून नंतर बकाबक खाणारी किंवा ओकून टाकणारी माणसं, यांनी माझ्याकडे परवानगी मागू नये.

आता तुमची बायको. त्यांचं हिमोग्लोबिन ९.४ असल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. बाईचं १२ च्या खाली असलं तर पंडुरोग म्हणतात. त्यांनी सोमवारपासून काहीही सुरू करायचं नाही. आधी कारण शोधायचं: पाळीचा स्राव किती, लोह किती, बी-१२ किती. जेवणाला लागून चहा होत असेल तर तो तासभर पुढे ढकलायचा, कारण चहा अन्नातलं लोह अडवतो. आणि 'तिलाही तशी भूक नसतेच' असं जे तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल एक काम करा. आज दुपारी घरी फोन करून विचारा, सकाळपासून काय काय खाल्लं आणि किती वाजता. जे उत्तर येईल ते तसंच्या तसं मला लिहून पाठवा.